हिशेबाचं बोलू : चाळीस बरोबर, तरी चार हजार खाली

दोन अंकांपूर्वी भिशीवर लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की हल्ली भिशीचे पैसे फुटबॉलवरही लागतात म्हणे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की भिशी बाजूलाच राहिली. त्यातली काही घेतो. नावं गाळली आहेत.

प्रश्न : काका, वय २४, नोकरी करतो. प्रीमियर लीग शाळेपासून बघतो, कोणाचा गुडघा दुखतोय इथपर्यंत माहिती असते. ऑगस्टपासून मित्राच्या आयडीवरून ६० सामन्यांवर प्रत्येकी हजार रुपये लावले. त्यातले ४० अंदाज बरोबर आले. तरी शेवटी चार हजार खाली आहे. ॲप गंडवतंय का?
– एक गनर, विक्रोळी

उत्तर : अरे गनरा, म्हणजे आर्सेनलभक्ता, या हिशेबात तरी ॲपने तुला गंडवलेलं नाही. गंडवलं असतं तर बरं, निदान भांडता आलं असतं.

तू कुठल्या संघांवर लावलेस ते लिहिलं नाहीस, पण आकडेच सांगतात. मोठा संघ, घरचं मैदान, समोर तळातला कुणीतरी. भाव सरासरी १.४० असणार. म्हणजे हजार लावून जिंकलास की हातात चौदाशे येतात, त्यातले हजार तुझेच होते. कमाई चारशेची. चाळीस वेळा चारशे, सोळा हजार. आणि वीस वेळा हरलास तेव्हा पूर्ण हजार गेला, म्हणजे वीस हजार. चार हजार खाली, पैशाची चूक नाही. या भावात नुसतं तरायलाच साठात त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. तेव्हा कुठे १७,२०० येतात, १७,००० जातात आणि दोनशे रुपये सुटतात. पाच महिन्यांची जागरणं, वर दोनशे रुपये!

तुला फुटबॉल कळतं रे, भाव कळत नाही. आणि पैसे तू फुटबॉलवर लावत नाहीयेस, भावावर लावतोयस.

हे मला कुठे कळलं ते सांगतो. आम्ही लालबागचे. वडील गिरणीत लूमवर होते आणि रोजचा आकडा लावायचे. कल्याणजी भगतचा मटका १९६२चा, रतन खत्रीचा १९६४चा, वडील दोन्हीकडचे भक्त. त्याआधी हाच धंदा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा. म्हणजे दिवसभर कापूस विणणारा माणूस संध्याकाळी कापसाच्याच भावावर पगार घालवायचा. असो. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळत. आकडे मात्र शून्य ते नऊ, दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर हातात नऊच येणार, दहावा मटकेवाल्याचा. आईला हे शाळेत न जाता कळलं होतं. वडील सातवी पास, ते शेवटपर्यंत स्वप्नात दिसलेल्या म्हशीचा आकडा काढत बसले.

फुटबॉलमध्ये तो दहावा रुपया दिसत नाही, एवढाच फरक. एका सामन्याचे भाव धर : यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.५०. आता असं कर, निकाल काहीही लागला तरी शंभर रुपये हाती यावेत अशा बेताने तिन्हीवर पैसे लाव. यजमानांवर ४७.६२ लागतील, बरोबरीवर २९.४१, पाहुण्यांवर २८.५७. बेरीज १०५ रुपये ६० पैसे. मिळणार शंभर. वरचे साडेपाच रुपये म्हणजे तुझं दुकानात शिरण्याचं भाडं, आणि ते तू साठ वेळा भरलंस.

आता तू म्हणशील, पण मला गुडघ्याची बातमी असते. अरे, तुझ्या मोबाइलवर आली ती बातमी भावात कधीच मुरलेली असते. भाव काढणारे दिवसभर तेच करतात, आणि पाहुण्यांवर जास्त पैसा येतोय असं दिसलं की तिकडचा भाव आणखी खाली ओढतात. लाडक्या संघांचा भाव तर मुळातच आखडता. आर्सेनलवर प्रेम करणारे विक्रोळीपासून लागोसपर्यंत आहेत, त्या प्रेमाचेही पैसे कापले जातात.

शिवाय हा खेळच कंजूष. क्रिकेटमध्ये चांगला संघ तीनशे चेंडूंत आपलं चांगलेपण सिद्ध करू शकतो. इथे सरासरीने सामन्यात तीन गोलही होत नाहीत. एक पेनल्टी, एक लाल कार्ड, बचावपटूच्या पाठीला लागून वळलेला एक चेंडू, की झालं. चारातला एक सामना तर साधारण बरोबरीतच सुटतो, आणि बरोबरीवर पैसे लावायला कोणा पंटरला आवडत नाही.

भाव काढणारे चुकतात का? चुकतात की. २०१५च्या ऑगस्टमध्ये लेस्टर सिटी प्रीमियर लीगचे विजेते होण्याचा भाव इंग्लंडात एकास पाच हजार होता आणि पुढच्या मे महिन्यात प्रशिक्षक रानिएरींच्या पोरांनी चषक उचलला. पण तो भाव ज्यांनी घेतला ते बहुतेक गावाच्या मायेपोटी पाच-दहा पौंड टाकणारे होते, गुडघ्यांचा अभ्यास करणारे नव्हेत. आणि जो खरंच सातत्याने जिंकतो त्याचं काय होतं? इंग्लंडमधल्या परवानाधारक कंपन्याही त्याची पैसे लावायची मर्यादा कापत कापत चार-पाच पौंडांवर आणून ठेवतात. तुझं ॲप तर कुठल्या बेटावर नोंदवलेलं आहे ते त्यालाच ठाऊक. ते मर्यादा कापत बसणार नाही, विथड्रॉलच अडवेल.

ता. क. ‘मित्राच्या आयडीवरून’ हे वाचलं. २०२५च्या ऑगस्टमधल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. तुझा तो मित्र इतरांना आयडी वाटून कमिशन घेत असेल, तर तो कुठल्या बाजूला मोडतो हे त्याला एकदा विचारून बघ.

प्रश्न : शंभर रुपयांत आठ सामन्यांचा कॉम्बो (आठही बरोबर यायला हवेत) लावला तर दहा-बारा हजार मिळतात. गेले तर शंभरच जातात. यात काय वाईट?
– भांडुप

उत्तर : शंभरच जातात, पण दर शनिवारी जातात. वर सांगितलेलं साडेपाच रुपयांचं भाडं कॉम्बोमध्ये आठ वेळा, एकावर एक चढत भरावं लागतं. चक्रवाढ तुम्हाला मुदत ठेवीमुळे ठाऊक असेलच, हीच ती, फक्त उलट्या तोंडाची. आठ सामन्यांत शंभराचे सरासरी पासष्टच्या आसपास उरतात. मटकेवाला नव्वद परत द्यायचा, तो बिचारा संत म्हणायचा.

आणि ‘सात आले, एकच चुकला’ हे सांगत फिरू नका. सगळ्या कॉम्बोवाल्यांचा एकच चुकलेला असतो. ५ फेब्रुवारी २०११ला आर्सेनल मध्यंतराला न्यूकॅसलमध्ये चार-शून्यने पुढे होतं. मी ताटावर बसलो होतो, म्हटलं आता जेवून झोपू. सामना सुटला चार-चार.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण फिक्स मॅचची टिप देतो. मी फुकटात सहा आठवडे तपासलं, सहाही निकाल अचूक. आता सातव्या टिपेचे पंधरा हजार मागतोय. युरोपात फिक्सिंग होतंच ना?
– घाटकोपर (पूर्व)

उत्तर : पंधरा हजार खिशात ठेवा आणि वहीचा कोरा कागद घ्या. त्या माणसाने पहिल्या आठवड्यात ७२९ जणांना मेसेज केला. २४३ जणांना सांगितलं यजमान जिंकणार, २४३ जणांना बरोबरी, २४३ जणांना पाहुणे. निकाल लागल्यावर ज्यांना चुकीची टिप गेली त्यांना सोडून दिलं. उरले २४३, त्यांचे पुन्हा तीन भाग. मग ८१, २७, ९, ३, आणि सहाव्या आठवड्यानंतर उरतो एक. त्या एकाला वाटतं हा देवमाणूस आहे. घाटकोपर पूर्वेला राहणारे ते एक तुम्ही.

फिक्सिंग होतं का? झालंय की. इटलीत १९८०च्या घोटाळ्यात एसी मिलान आणि लाझिओ यांना थेट खालच्या श्रेणीत ढकललं. पाओलो रॉसीवर तीन वर्षांची बंदी आली, ती दोनवर आणली गेली, तो परतला आणि १९८२च्या विश्वचषकात सहा गोल करून इटलीला जिंकवून गेला. आमच्या चाळीत त्या साली निम्म्या पोरांचं नाव रॉसी होतं. जर्मनीत रॉबर्ट होयझर नावाच्या पंचाने सामने फिरवले, २००५मध्ये ते उघड झालं आणि तो तुरुंगात गेला. पण ज्याच्याकडे खरोखर फिरवलेला सामना असतो तो गुपचूप स्वतःचे पैसे लावतो. पंधरा हजारांसाठी घाटकोपरला मेसेज करत नाही.

प्रश्न : माझे धाकटे दीर (वय २९) चॅम्पियन्स लीगच्या सामन्यांवर एका बुकीकडे उधारीत लावत होते. दोन लाख ऐंशी हजार झाले आहेत. दोन माणसं रोज संध्याकाळी बिल्डिंगखाली उभी असतात. सासूबाई पाटल्या मोडायला निघाल्या आहेत. दिरांवर वेगळं बँकेचं पर्सनल लोनही आहे. कुणालाही सांगू नका म्हणतात. मी काय करू?
– एक सून, कांजूरमार्ग

उत्तर : ताई, आधी पाटल्या परत कपाटात ठेवायला लावा. कपाटाची चावी तुमच्याकडे घ्या.

आता त्या दोन कर्जांना दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. बँकेचं कर्ज खरं कर्ज आहे, ते फेडावंच लागणार. दिरांना बँकेत पाठवा, स्वतः सोबत जा, हप्ता लहान करून मुदत वाढवून मागा. मी वसुली खात्यात अकरा वर्षं काढली आहेत. जो स्वतः चालत येतो त्याच्याशी आम्ही वेगळं बोलतो.

बुकीचे दोन लाख ऐंशी हजार कायद्याच्या नजरेत कर्जच नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३० : पैजेचा करार रद्दबातल, तिचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. मुंबई इलाख्यात तर त्याच्याही आधी, १८६५मध्ये, पैजेच्या आधाराने केलेले उपकरारही रद्दबातल ठरवणारा कायदा झाला होता. म्हणजे कापसाच्या सट्ट्याने हैराण झालेल्या मुंबईने हे दुखणं दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. तो माणूस कोर्टात जाऊ शकत नाही म्हणूनच बिल्डिंगखाली उभा राहतो. त्यांनी दमदाटी केली तर ती खंडणीची तक्रार होते. तारीख, वेळ, काय बोलले, हे रोज वहीत लिहा, आलेले मेसेज पुसू नका, आणि सोसायटीच्या दोन माणसांना घेऊन पोलीस ठाण्यात जा. दीर अडकतील ही भीती मला कळते, बुकीकडे लावणं १८८७च्या जुगार कायद्याच्या कक्षेत येतं. म्हणून आधी एखाद्या वकिलाला विचारा, मग जा. पण जा.

आणि एक गोष्ट बँकवाला म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो. घरच्यांनी एकरकमी भरून टाकलं आणि पोरगा सुधारला, असं मी पाहिलेलं नाही. भरलं की त्याला पुन्हा उधारी मिळते, कारण आता बुकीला माहीत झालेलं असतं की मागे पाटल्या आहेत. दिरांचा पगार काही महिने तुमच्या यजमानांसोबतच्या जोड खात्यात येऊ द्या, यूपीआयची मर्यादा खाली आणा, ॲपवाल्या मित्रांचे ग्रुप सुटू द्या. रात्री साडेबाराला किंवा दीडला हे सामने सुरू होतात, माणूस एकटा जागा असतो, तेव्हा घरात कुणीतरी त्याच्याबरोबर जागं राहावं. जुगाराचं व्यसन हा डॉक्टरांच्या पुस्तकात नोंदलेला आजार आहे. परळला केईएमच्या मनोविकार ओपीडीत त्यांना घेऊन जा. रात्रीच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. ‘कुणालाही सांगू नका’ हे मात्र मोडाच. मला सांगून तुम्ही ते मोडलंच आहे म्हणा.

प्रश्न : कॉलेजात आहे. एक ओळखीचा माझं बँक खातं वापरायला मागतोय, महिन्याला आठ हजार देईन म्हणतो. फुटबॉलच्या ॲपचे डिपॉझिट त्यात येणार. खातंच तर आहे ना?
– अंधेरी

उत्तर : खातंच तर आहे म्हणजे काय? त्यावर तुझं नाव, तुझं पॅन, तुझा फोटो आहे. पैसे हरलेला कुणीतरी उद्या १९३० या सायबर हेल्पलाइनवर फसवणुकीची तक्रार करेल, तेव्हा साखळीत पहिलं खातं तुझं दिसेल. ते गोठेल, आणि पोलीस आधी तुझ्या दारात येतील. ओळखीचा तोवर ओळख विसरलेला असेल. नाही म्हण. पुस्तक-एटीएम आधीच दिलं असशील तर आजच शाखेत जाऊन लेखी कळव, पोचेवर शिक्का घे.

प्रश्न : महालक्ष्मीला घोड्यांवर लावलेलं चालतं, फुटबॉलवर नाही. इंग्लंडचे क्लब बेटिंग कंपन्यांची नावं छातीवर मिरवतात. मग आम्हालाच प्रवचन का?
– स्पष्टवक्ता, गिरगाव

उत्तर : घोड्यांचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली. घोड्यावर लावायला कौशल्य लागतं आणि फुटबॉलच्या हालांडवर लावायला लागत नाही, हे मलाही नीट पटवून देता येणार नाही. इंग्लंडचं म्हणाल, तर प्रीमियर लीगच्या क्लबांनी एप्रिल २०२३मध्येच ठरवलं, की २०२५-२६च्या मोसमानंतर शर्टाच्या छातीवर बेटिंग कंपनी नको. बाहीवर चालेल! त्याच वर्षी मे महिन्यात ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीवर बेटिंगचे नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली, आणि त्याच्या क्लबाच्या छातीवर कोणाची जाहिरात होती ते तुम्हीच बघा. ढोंग आहेच. पण गनरचे चार हजार ढोंगामुळे गेले नाहीत, १.४०च्या भावामुळे गेले.

प्रश्न : दर महिन्याला लोकांना शहाणपण शिकवतोस. २००२च्या जूनचं कधी लिहिणार?
– कूपरेजचा जुना लेफ्ट बॅक

उत्तर : मेल्या, अक्षर ओळखलं तुझं.

वाचकहो, हा आणि मी बँकेच्या संघात एकत्र होतो, मी गोलपोस्टात, हा माझ्या डावीकडे, म्हणजे जिथून सगळे गोल व्हायचे तिथे. ३१ मे २००२, शुक्रवार, संध्याकाळी पाच. विश्वचषकाचा पहिला सामना, फ्रान्स विरुद्ध सेनेगल. फ्रान्स जगज्जेता, युरोपचाही विजेता. बँकेच्या खाली पानाच्या गादीवर एक जण बेट घ्यायचा. मी फ्रान्सवर दोन हजार लावले. भाव इतका आखडता की जिंकलो असतो तरी हजारही सुटले नसते, पण मला ते पैसे रस्त्यावर पडलेले वाटत होते. फ्रान्सचा हुकमी खेळाडू झिदान जखमी होता, खेळणार नव्हता. मी म्हटलं, त्याची गरजच काय? तिसाव्या मिनिटाला सेनेगलच्या पापा बूबा दिओपने गोल केला. एक-शून्य.

सहा जूनला उरुग्वेविरुद्ध चार हजार लावले, मागचे भरून काढायला. पंचविसाव्या मिनिटाला फ्रान्सच्या आँरीला लाल कार्ड. शून्य-शून्य. मग आठ हजार. अकरा जून, मंगळवार, डेन्मार्क, दुपारी बाराचा सामना. झिदान मांडीला पट्टी बांधून उतरला होता. मी काउंटरवर, समोर पेन्शनरांची रांग, आणि हा लेफ्ट बॅक कॅन्टीनच्या टीव्हीवरून दर दहा मिनिटांनी येऊन बोटं दाखवत होता. एक बोट. मग दोन. दोन्ही डेन्मार्कचे. जगज्जेते एकही गोल न करता घरी गेले आणि चौदा हजार पानाच्या गादीवर राहिले. त्या दिवशी एका पेन्शनर आजीला मी पाचशे रुपये जास्त मोजून दिले. तिने परत आणून दिले.

त्यातले माझे बारा हजार मुलीच्या शाळेच्या फीचे होते. बायकोला रात्री सांगितलं. झिदानपासून सांगायला सुरुवात केली, मांडीची पट्टी वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘हा झिदान तुमचा कोण लागतो?’’

फी तिने तिच्या भिशीतून भरली. तिसऱ्या बेटातले दोन हजार या लेफ्ट बॅकचे होते, आणि तो ते आजतागायत चारचौघांत काढतो. तर बाबा रे, तुझे पैसे मी १९ जुलै २००२ला परत केले आहेत, वहीत तुझी सही आहे. शनिवारी ये, साडेआठचा सामना आहे, वही काढून ठेवतो.